मढ्याची वाट किती लांब?

मुंबईंत पूर्वीं कोणी वारला म्हणजे "तो सोनापुरास गेला" असें म्हणत. आमच्या आखाडा बाळापूर-कळमनुरीकडे हा बोल फारसा कोणास ठाऊक नसेल. पण ज्या जागेवरून तो निघाला तिची हकीकत प्रत्येक कुणब्यानें व बलुतेदारानें ऐकून ठेवण्यासारखी आहे. सोनापूर म्हणजे मुंबईच्या किल्ल्याबाहेरची समुद्रकांठची स्मशानभूमि. आज जेथें मरीन लाइन्सचें स्टेशन आहे त्याच्या बाजूस. हिंदूंचें दहन तेथें, मुसलमानांचें कबरस्तान शेजारीं, आणि एके काळीं साहेबलोकही तेथेंच पुरले जात. तेथें पुरलेल्याचें सोनें होतें म्हणून सोनापूर, असें कोणी म्हणतात. सोना म्हणजे निजणें, त्यावरून सोनापूर, असें दुसरे सांगतात. आम्हांस दुसराच अर्थ बरा वाटतो. गरिबाचें सोनें झालेलें आम्हीं अजून पाहिलें नाहीं, निजल्यावर तरी त्यास कोणी उठवूं नये.

पण उठवितात. साहेबांचें पहिलें कबरस्तान मेंढम्स पॉइंट या नांवाच्या जागीं, किल्ल्याला लागून होतें. मुंबईची हवा त्यांस इतकी वाईट लागे कीं, दोन पावसाळे काढले म्हणजे माणूस पुष्कळ जगला असें तेच म्हणत. पुढें अठराव्या शतकांत किल्ल्याच्या बंदोबस्तासाठीं तें कबरस्तान तेथून हलवून सोनापुरास नेलें. सोनापूर तेव्हां वस्तीबाहेर होतें. नंतर गिरगांव वाढलें. 1861 पासून 1865 पर्यंत अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचे भाव भडकले, मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. तो कापूस पिकविणाऱ्यांच्या पदरीं त्यांतलें किती पडलें तो हिशेब निराळा. शहर दारांत आलें कीं मेलेल्यांची अडचण होऊं लागते. 1865 सालीं आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांच्याच खटपटीनें साहेबांचें नवें कबरस्तान शिवडीस झालें. त्यांच्याजवळ घोडागाड्या होत्या; त्यांस अंतर जड नव्हतें.

हिंदूंचें दहनस्थानही शिवडीस न्यावें असा सरकारचा बेत त्यापूर्वींच झाला होता. गिरगांवाहून शिवडी सुमारें चार मैल. तिरडी खांद्यावर, आषाढाचा पाऊस, पायाखालीं चिखल, आणि खांदा देणारे सारे रोजावर पोट भरणारे. मेलेला तर गेलाच, मागें राहिलेल्या चार घरांचा दिवस बुडाला. कागदावर चार मैल म्हणजे एक रेघ. ती खांद्यावर घेतल्याशिवाय कळत नाहीं. या बेताविरुद्ध जगन्नाथ शंकरशेट, लोक ज्यांस नाना म्हणत, ते उभे राहिले आणि सोनापूर जागच्या जागीं राखलें. नाना 1865 सालीं वारले. जातीनें ते दैवज्ञ सोनार. याच सोनारांस 1779 सालीं पेशव्यांच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारनें "नमस्कार" हा शब्द उच्चारण्याची बंदी केली होती, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. सोनापुरास आज चंदनवाडी म्हणतात, आणि तेथें अजून दहन होतें.

मढ्याच्या बाबतींत नियम कोणासाठीं वाकतो हेंही पाहण्यासारखें आहे. जोतीराव फुले 28 नोव्हेंबर 1890 रोजीं पुण्यास वारले. देह न जाळतां मिठांत पुरावा अशी त्यांची इच्छा. घराच्या आवारांत खड्डाही तयार होता. म्युनिसिपालिटीनें परवानगी दिली नाहीं. अखेर दहन झालें, आणि टिटवें सावित्रीबाईंनीं धरलें. 1920 सालीं लोकमान्य टिळक मुंबईंत वारले, तेव्हां मात्र सोनापूर सोडून गिरगांव चौपाटीवर दहन करण्यास सरकारनें खास परवानगी दिली. ती मिळूं नये होती असें आमचें म्हणणें नाहीं. लोकांचा समुदायच तसा लोटला होता. जागा देतां येते, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

आतां आपल्या गांवाकडे या. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा, पुढें परभणी जिल्ह्याचा, आणि 1999 पासून हिंगोलीचा. निजामीचें सरकारी दफ्तर उर्दूंत. तें आमच्या वाडवडिलांस वाचतां येत नसे. तेव्हां कित्येक गांवांत मसणवट्याची जागा तोंडींच राहिली. ओढ्याकांठचा तो तुकडा "आपलाच आहे" म्हणून सारे निश्चिंत, आणि शेजारचा नांगर दरसाल एक तास पुढें. लिंगायत पुरतात, मुसलमान पुरतात, त्यांस तर कायमची जागा हवी. ज्यांस गांवानें पूर्वीं गांवकुसाबाहेर ठेवलें त्यांचा मसणवटाही निराळा, आणि तेथें जाण्याची वाट बहुधा दुसऱ्याच्या शेतांतून. पीक उभें असलें कीं मालक आडवा येतो, आणि मढें बांधावर थांबतें. अशा वेळीं आडवा येणारा पुष्कळदां आपल्याच कुणबी बांधवांपैकीं असतो, हें आम्हीं स्पष्ट सांगतों. भटजीस नांवें ठेवून ही वाट मोकळी होत नाहीं.

1958 च्या ग्रामपंचायत कायद्यांत दहन-दफनाच्या जागा राखणें हें पंचायतीच्या कामांत घातलेलें आहे. तरी येत्या ग्रामसभेंत आमच्या वाचकांनीं तीन गोष्टी विचाराव्या. मसणवट्याचा सातबारा कोणाच्या नांवें आहे? जागा किती गुंठे? वाट नकाशावर आहे कीं नाहीं? नोंद नसेल तर भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करवून चारी कोपऱ्यांस दगड रोवावे, आणि गांवांत जितके मसणवटे तितक्या सर्वांचा अर्ज एकच करावा. त्या अर्जावर पहिली सही, ज्या घराचें मढें गेल्या पावसाळ्यांत बांधावर अडलें, त्या घराची घ्यावी.