यंत्रांच्या पोटात : म्हाताऱ्या ट्रकची कंबर

बालमित्रांनो, मागच्या अंकात आपण सायकलचं फ्रीव्हील खोललं होतं. दोघा-तिघांची पत्रं आलीत, की खोललं खरं, पण आता परत बसत नाही! त्यांनी मुकाट्यानं सायकल दुकानात न्यावी. दात मोजलेला कागद मात्र जपून ठेवा, आज तोच लागणार आहे. आज सायकल नाही, चक्क एक ट्रक खोलायचाय.

माझी भाची अमेरिकेत, आयोवा राज्यात राहते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा शेजारच्या शेतावरच्या आजोबांशी गट्टी जमली. त्यांच्या कोठारात होता १९५० सालचा शेवरले पिकअप, मॉडेल ३१००. पुढे गोल टपाची केबिन, मागे सामानाचा उघडा हौदा. स्टार्टर किल्लीनं नाही, पायानं दाबायचा. ट्रक घेतला होता आजोबांच्या वडिलांनी. आणि आता आजोबांची तेरा वर्षांची नात हट्ट धरून बसली होती, की पणजोबांच्या ट्रकमधूनच नव्वद किलोमीटरवरच्या शहरात जत्रेला जायचं.

आजोबा म्हणाले, "सत्तरच्या वर नेलं की इंजिन किंचाळतं. आणि मोठ्या रस्त्यावर मागून शंभरच्या वेगानं ट्रेलर येतात. मी नाही नेणार."

इंजिन का किंचाळतं? इथंच दात मोजायचे. सायकलचा पायडल एकदा फिरवला की मागचं चाक दोन-अडीच वेळा फिरतं. मोटारीत उलटा कारभार. इंजिनाकडून येणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, चारदा फिरतो तेव्हा कुठं चाक एकदा फिरतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो भोपळ्यासारखा गोळा दिसतो ना, त्यात हे घडतं. त्यात एक छोटं चाक, पिनियन, दात ९. आणि एक मोठं चाक, क्राऊन, दात ३७. सदतीसला नऊनं भागा. आले ४.११? शाबास.

त्या ट्रकचा टायर एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर पुढं जातो. म्हणजे ताशी ९० किलोमीटरला इंजिनाला मिनिटाला जवळजवळ २,७५० फेरे मारावे लागतात. (हिशेब करून बघा. वरच्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट बरोबरीनं फिरतात असं धरा.) आजच्या इंजिनाला हे काहीच नाही. पण ते साडेतीन लिटरचं जुनं इंजिन! त्यातल्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग म्हणजे बॅबिट नावाच्या मऊ धातूचा ओतलेला थर. त्यांना तेल कसं मिळतं, तर रॉडच्या तळाला एक इवलीशी पळी असते, ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल उडवते. असं इंजिन तासभर पळवत ठेवलं, तर ते रुसणारच. कंपनीचं चुकलं होतं का? मुळीच नाही. तो ट्रक मातीच्या रस्त्यानं धान्याची पोती न्यायला केला होता. तिथं जोर हवा, वेग नको.

मग सोपं आहे, तुम्ही म्हणाल. कमी आकड्याचा दुसरा अ‍ॅक्सल आणा आणि बसवा. नातही हेच म्हणाली. पण ट्रकखाली सरपटत गेली, आणि तशीच बाहेर आली.

"आजोबा, शाफ्टच नाहीये!"

शाफ्ट होता. पण तो एका जाड लोखंडी नळीच्या पोटात होता. या पिकअपना १९५४ पर्यंत अशी बंद नळी असे, टॉर्क ट्यूब म्हणतात तिला. नळीचं मागचं टोक अ‍ॅक्सलला घट्ट जखडलेलं, पुढचं टोक गिअरबॉक्सच्या मागं एका गोल खोबणीत हलणारं. म्हणजे अ‍ॅक्सल काढला की नळी आली, आणि नळी काढली की जुना गिअरबॉक्सही निकामी, कारण त्याचं शेपूट फक्त नळीसाठी बनलेलं. एक बदलायला गेलं की तिन्ही बदलायचे!

आणि ती नळी काही शोभेची नव्हती. घरातला मिक्सर सुरू करताना सगळं यंत्रच कसं झटका देऊन फिरू पाहतं? तसंच अ‍ॅक्सलचं. शाफ्ट चाकं पुढं फिरवायला लागला, की अ‍ॅक्सलचं कवच उलटं फिरू पाहतं. त्याला धरून ठेवायचं काम नळीचं. शिवाय चाकांनी दिलेला पुढचा रेटाही नळीतूनच गाडीला मिळायचा. नळी गेली, तर हे कोण करणार? उघड्या शाफ्टच्या गाड्यांत ते पाट्यांच्या स्प्रिंगा करतात. म्हणून नव्या अ‍ॅक्सलवर स्प्रिंग बसायच्या बैठका अगदी नेमक्या कोनात वेल्ड कराव्या लागतात.

हा कोन फार महत्त्वाचा, बरं का. उघड्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. वाकड्यात फिरताना पुढचा क्रॉस शाफ्टची गती थोडी कमी-जास्त करतो, आणि मागचा तीच चूक उलट करून फेडतो. पण दोघांचे कोन सारखे असतील तरच. नाहीतर सगळी गाडी थरथरते. आजोबांनी आधी बैठकांना नुसते टाके मारले, ट्रक चाकांवर उतरवून त्याचं वजन पडू दिलं, कोन पुन्हा मोजला, आणि मगच पक्कं वेल्डिंग. यात अख्खा दिवस गेला. नात कंटाळली, मीही कंटाळलो. आजोबा नाही.

आता एक धोक्याची गोष्ट. आईबाबांनो, तुम्हीही वाचा. गाडी गिअरमध्ये टाकली म्हणजे जागची हलणार नाही, असं आपल्याला वाटतं. पण जॅकनं मागचं एक चाक उचललं, की डिफरन्शियलमुळं ते अधांतरी चाक मोकळं उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक पुढं गडगडू शकतं. गाडी गिअरमध्ये असली तरी! आणि अख्खा अ‍ॅक्सलच काढला, तर गिअर धरायला चाक उरत नाही आणि हॅन्डब्रेकही राहत नाही, कारण त्या ट्रकचा हॅन्डब्रेक मागच्याच चाकांवर चालतो. म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, आपले ड्रायव्हर दगडाची उटी लावतात तसे. मग गाडीचं वजन जॅकवर नाही, तर स्टँडवर. तोवर आजोबांनी नातीला खाली जाऊ दिलं नाही. ती पाय आपटत होती, तरीही नाही.

नवा अ‍ॅक्सल आणला नंतरच्या एका पिकअपचा, दात ४१ आणि ११. त्याच्या चाकालाही सहाच बोल्ट आहेत हे आजोबांनी आधी बघून घेतलं. पुढं सहा आणि मागं पाच झाले असते, तर स्टेपनी कुठल्या चाकाला लावायची? गिअरबॉक्स आणला शेवरलेच्याच एस-१० नावाच्या छोट्या पिकअपचा, पाच गिअरचा. त्याच्या पाचव्या गिअरमध्ये इंजिन ७२ वेळा फिरतं तेव्हा शाफ्ट १०० वेळा फिरतो. आता पुन्हा गणित करा. नव्वदच्या वेगाला इंजिनाचे फेरे किती? माझं उत्तर आलं साधारण १,८००. चढावर मात्र चौथा गिअर घ्यावा लागतो, फुकट काही मिळत नाही.

पहिल्या फेरीला मीही हौद्यात, क्षमा करा, केबिनमध्येच बसलो होतो. काटा ५० मैलांवर स्थिर. नातीनं घड्याळ लावून रस्त्याकडेचा मैल मोजला, तर ६५ सेकंदांत संपला. म्हणजे खरा वेग ५५! काटा चालतो गिअरबॉक्समधल्या एका प्लॅस्टिकच्या दातेरी चाकावर, आणि ते जुन्या गाडीच्या हिशेबाचं राहिलं होतं. आजोबांनी तिथूनच ट्रक मागं वळवला. ते चाक येईपर्यंत जत्रेची पहिली रात्र हुकली.

जुना अ‍ॅक्सल, नळी आणि गिअरबॉक्स त्यांनी ग्रीस लावून कोठारात ठेवलेत. ट्रकच्या मूळ चौकटीला कुठंही कापलेलं नाही, नवं सगळं बोल्टवर बसवलंय. मला हे फार आवडलं. नातीला उद्या वाटलं, तर ती पणजोबांचा ट्रक होता तसा परत करू शकेल.

तुमच्यासाठी काम : बसमध्ये किंवा बाबांच्या गाडीत बसाल तेव्हा दोन किलोमीटरच्या दगडांमधला वेळ मोजा (गाडी चालवणाऱ्यानं नाही, शेजारी बसलेल्यानं!). ३,६००ला त्या सेकंदांनी भागा आणि काट्याशी ताडून बघा. किती फरक आला, ते पत्रानं कळवा.