चढ कुठे आहे?

मागच्या वर्षी एका प्रवासलेखसंग्रहासाठी मी तंजावरच्या खेड्यांतल्या सायकलप्रवासावर लेख पाठवला होता. संपादकांचे उत्तर दोन ओळींचे आले. लेख चांगला आहे, पण जरा सपाट वाटतो. शिवाय सायकलीवरच लिहायचे तर एखादा घाट, एखादा डोंगर हवा होता. तंजावरात चढ कुठे आहे?

मला राग यायला दोन दिवस लागले, कारण पहिले दोन दिवस मला ते पटले होते. म्हणून हे प्रत्युत्तर एकट्या त्या संपादकांना नाही. ते जे बोलले ते आपण मराठी वाचणारे-लिहिणारे बहुतेक सगळे बोलतो. मीही बोलत होते.

आधी माझा गुन्हा कबूल करते. मी पुण्याची. शाळेत असताना मोठ्या भावाची हर्क्युलिस एमटीबी मिळाली, जाड खाचांच्या टायरची, आणि आम्ही ती सपाट डांबरी रस्त्यावर फिरवली. पुढे पगार हातात आल्यावर खरीखुरी डोंगरी सायकल घेतली आणि रविवारी सिंहगड चढू लागले. मग गाडीरस्ता सोडून सह्याद्रीच्या पायवाटा. तीव्र उतारावर बूड खोगिराच्या मागे न्यायचे, कोपरे सैल ठेवायची, ब्रेकवर एकच बोट, आणि नजर दगडावर न ठेवता दगडापलीकडच्या मोकळ्या जागेवर ठेवायची; कारण सायकल नजरेच्या मागे जाते. हा आनंद खोटा नाही. चाळिशी उलटली तरी तो माझ्या अंगात आहे. पण त्या आनंदाबरोबर एक भाषाही येते. आम्ही घाट ‘मारतो’, गड ‘सर करतो’. घरी आल्यावर फोनमध्ये पाहतो ते किती मीटर चढलो याचा आकडा. एकाच चढावर पुन्हापुन्हा जाऊन एव्हरेस्टएवढे, म्हणजे 8,848 मीटर, चढण भरून काढण्याचा खेळही निघाला आहे. सपाट रस्त्यावरच्या शंभर किलोमीटरला आमच्यात कुणी विचारत नाही.

अशी मी सरस्वती महालातली मोडी कागदपत्रे वाचायच्या निमित्ताने दोन हिवाळे तंजावरला राहिले. सायकल रेल्वेने नेली. तिथे उतरल्यावर मी स्वतःशीच म्हणाले, आता हिचे काय करायचे? शहर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत, आणि तिथून पूर्वेला समुद्रापर्यंत जमीन अशी उतरते की डोळ्याला कळत नाही.

पाण्याला मात्र कळते. कावेरीचा त्रिभुज प्रदेश हा उताराचाच संसार आहे. करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्लणैपासून कावेरी, वेण्णार आणि त्यांच्या फाट्यांतून पाणी निघते. कालव्यातून पाटात, पाटातून वाफ्यात. 1934 साली मेट्टूरचे धरण झाले, आणि तेव्हापासून 12 जूनला तिथले दरवाजे उघडतात की नाही यावर इथला कुरुवै हंगाम ठरतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ‘कडैमडै’ म्हणतात, म्हणजे शेवटचे दार. तिथल्या शेतकऱ्याला विचारा, चढ कुठे आहे. वरच्या गावाने पाणी अडवले, गाळ साचला, पाटाचा तळ वीतभर वर आला, की ती वीत त्याच्यासाठी सिंहगड असते.

सायकलीने मी कालव्यांच्या काठांवरून फिरले. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला भाताचा चिखल, मधे हातभर वाट. ईशान्य मोसमी पाऊस पडून गेलेला. माझ्या महागड्या टायरांच्या खाचांत गाळ इतका बसला की चाक फिरेना. पुढच्या दांड्यांतल्या धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा नुसत्या पाहत बसल्या. एका शाळकरी मुलाने काडीने चिखल उकरून दिला आणि गुळगुळीत टायरच्या काळ्या जुन्या सायकलीवर, मागे खताचे पोते, तो त्याच वाटेने निघून गेला. त्याला कुणी धाडसी सायकलपटू म्हणणार नाही.

हे वाटते तितके विपरीत नाही. डोंगरी सायकल जन्मली तीच मुळी अशा जुन्या सायकलींतून. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण 1930-40 च्या काळातल्या श्विन कंपनीच्या बोजड सायकली घेऊन डोंगरउतारावर सुटत. 1976 पासून तिथे ‘रीपॅक’ नावाची शर्यत होऊ लागली. एका उतरणीत मागच्या ब्रेकचे ग्रीस जळून जायचे आणि पुन्हा भरावे लागायचे, म्हणून ते नाव. म्हणजे डोंगराने सपाटीकडून सायकल उसनी घेतली आणि परत करताना सांगितले, खरी सायकल आमची.

पण माझा खरा मुद्दा चिखलाचा नाही. चढ म्हणजे काय, हा आहे. डोंगरात चढ इतका उभा झाला की आम्ही उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. उतरावे लागणे हीच चढाची सोपी व्याख्या आहे. आता ही व्याख्या तमिळनाडूच्या खेड्यांना लावून पाहा. दलिताने सवर्णांच्या गल्लीतून सायकलवर बसून जायचे नाही. गल्लीच्या तोंडाशी उतरायचे, वहाणा काढायच्या, सायकल हाताने धरून गल्ली पार करायची आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा बसायचे. ही सक्ती राज्याच्या अनेक गावांत पाळली गेली आणि अस्पृश्यतेच्या पाहण्यांतून वारंवार नोंदली गेली. रस्ता टेबलासारखा सपाट, आणि माणूस उतरून चालतो आहे. सह्याद्रीतला कुठला चढ याहून उभा आहे?

या प्रदेशाला सपाट म्हणजे समान समजण्याची चूक कुणी करू नये. आंद्रे बेतेय यांनी 1965 च्या आपल्या पुस्तकात तंजावर जिल्ह्यातल्या एका गावाला ‘श्रीपुरम’ हे बदललेले नाव देऊन जे चित्र काढले, त्यात अग्रहार, शेतकऱ्यांची वस्ती आणि चेरी एकाच पातळीवरच्या जमिनीवर आहेत, आणि तरी तीन उंच्यांवर आहेत. 25 डिसेंबर 1968 ला तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत मजुरीच्या झगड्यातून शेतमजुरांच्या 44 माणसांना, त्यांत बहुतेक बायका-मुले, झोपडीत जाळून मारले. तिथे एकही टेकडी नाही.

मी राहत होते ते घर तंजावरी मराठी कुटुंबाचे. आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांची मराठी माझ्यापर्यंत पोचेस्तोवर दोन-तीनशे वर्षांचा तमिळ पाऊस तिच्यावर पडून गेलेला. इथे मी ती माझ्या इस्त्रीच्या मराठीत देते आहे, हा अनुवादिकेचा अपराध समजा. एका संध्याकाळी मी चिखलाने माखून आले तेव्हा त्यांनी विचारले, “पोरी, तुला डोंगरावर चालवायची भीती नाही वाटत?”

म्हटले, “वाटते की, आजी. म्हणून तर मजा.”

त्या म्हणाल्या, “आमच्या घरी दोन सायकली होत्या. देऊळ चार घरांवर. मला एकदा तरी जाऊन बघायचं होतं. जमलं नाही.”

“का?”

“का म्हणजे? बायका सायकलवर बसत नसत.” आणि थोड्या वेळाने, “तुमच्याकडे डोंगर असतात, इथे घरचे होते.”

हसून बोलल्या त्या. मी हसू शकले नाही. आणि मी तेव्हा सांगितले नाही, पण इथे लिहिते: अग्रहारातल्या ज्या घरच्यांनी आजींना खाली ठेवले, त्याच घरच्यांच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला सायकलवरून उतरावे लागत असणार. एकाच सपाट गल्लीत दोन चढ. ते सारखे नव्हते, आणि आजींना त्यातला एकच दिसत होता.

शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीने, अरिवोळी इयक्कमने, बायकांना सायकल शिकवायचे ठरवले. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला जोर दिला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका अशा लाखाच्या घरात बायका सायकल शिकल्या. पुरुषांनी टिंगल केली, त्या चालवत राहिल्या. पी. साईनाथ यांनी ते लिहून ठेवले म्हणून आपल्याला माहीत आहे. पुढे 2001 नंतर राज्य सरकार शाळकरी मुलींना मोफत सायकली देऊ लागले. आपल्या सायकलप्रवासाच्या मराठी पुस्तकांत लडाख येतो, कन्याकुमारी येते, घाटांची यादी येते. पुदुक्कोट्टै किती पुस्तकांत येते? बायकांच्या एवढ्या मोठ्या चढाईला आपण सायकलिंग म्हणत नाही, समाजकार्य म्हणतो आणि दुसऱ्या कपाटात ठेवतो.

आता साहित्याकडे वळते, कारण ते कपाट तिथलेच आहे. आपल्या समीक्षेची शब्दसंपत्ती पाहा. चांगल्या लेखनाला उंची असते, खोली असते, लेखक शिखर गाठतो. वाईट ते सपाट: सपाट कथा, सपाट व्यक्तिरेखा, सपाट अनुवाद. माझ्या अनुवादांवर हा शेरा दोनदा आला आहे. दोन्ही वेळा मूळ लेखिका संथ, एका पातळीवर चालणारी होती, आणि मी तिला उगाच टेकाडे लावली नव्हती. अनुवादकाचे निम्मे काम असे पातळी राखण्याचे असते, पाट बांधणाऱ्यासारखे. पातळी राखणाऱ्याला ‘सपाट’ म्हणून बाद करायचे आणि खडबडाट करणाऱ्याला ताकदीचा म्हणायचे, ही चव आपण डोंगराकडून घेतली आहे.

तमिळ काव्यशास्त्राने असे केले नाही. संगम कवितेत पाच भूमी आहेत. कुरिंजी, म्हणजे डोंगर, ही प्रेमिकांच्या मिलनाची. मरुदम, म्हणजे नदीकाठची भातशेती, ही रुसव्याची: नवरा बाहेरून आला आहे, दार लावलेले आहे. मरुदमला कुणी कुरिंजीपेक्षा कमी धरत नाही. तिची भावना वेगळी, आणि माझ्या मते अधिक प्रौढ. डोंगरात भेटणे एकदा होते. सपाटीवर रोज एकत्र राहावे लागते. आपल्याकडे तर सह्याद्रीपलीकडच्या पठाराला नावच ‘देश’ आहे. ज्या भाषेने सपाटीला देश म्हटले, तिने ‘सपाट’ या शब्दाची शिवी करावी?

तंजावरशी आपण हेच केले. आपल्या इतिहासाच्या वाचनात दक्षिण म्हणजे जिंजीचा किल्ला, 1677 ची स्वारी, आणि व्यंकोजींशी झालेला कलह. पुढे 1855 पर्यंत तिथे जे मराठी राज्य टिकले, त्यातली नाटके, वैद्यक, पाककृती, ग्रंथालय, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा 1803 चा लांबलचक मराठी शिलालेख, यांत कडेलोट नाही म्हणून रस नाही. त्याच दरबारात दुसऱ्या सरफोजींच्या नावे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरत्ती खाली येते, नायिकेचा हात पाहते, आपल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजींची कुरत्ती जगाचा भूगोल सांगते. डोंगरातली बाई, सपाटीवरची श्रोती, मराठी शब्द, तमिळ घाट, आणि विषय सगळी पृथ्वी. एवढी ऐसपैस मराठी आपण कधीतरी बोलत होतो.

यावर म्हटले जाईल की मी डोंगर सोडायला सांगते आहे. मुळीच नाही; या रविवारी मी जाणार आहे. पण डोंगरातही ज्यांचे घर आहे, डोक्यावर मोळी घेऊन जी ठाकर बाई रोज तोच चढ चढते, तिला आम्ही कधी ‘सर केला’ म्हणताना ऐकले नाही. चढ मौजेचा असणे हीसुद्धा एक मालमत्ता आहे, आणि ती कुणाकडे आहे हे लिहिणाऱ्याने लिहावे, इतकेच मागते.

तंजावरात एक उतरण खरोखर होती असे सांगतात. 1010 साली पुऱ्या झालेल्या बृहदीश्वराच्या विमानावर माथ्याचा अजस्र दगड चढवण्यासाठी कित्येक मैल लांबीचा मातीचा उतार रचला होता म्हणे. सारापळ्ळम नावाच्या गावापासून. कथा खरी असो वा नसो, तिच्यातली समज खरी आहे. सपाट मुलखात उंची माणसांच्या खांद्यांवर उभी राहते, आणि काम झाले की उतार मोडून टाकतात. शिखर दिसते, खांदे दिसत नाहीत.

संपादकमहाशय, तंजावरात चढ कुठे आहे ते मी सांगितले. परत निघण्याच्या आदल्या सकाळी वेण्णारच्या काठाने जात होते. समोरून शाळेच्या गणवेशातल्या सात-आठ मुली आल्या, सरकारी सायकलींवर, एकीच्या मागे धाकटा भाऊ. वाट एकालाच पुरेल एवढी. पहिलीने घंटी वाजवली, आणि वाजवतच राहिली. थांबण्याचा तिचा विचार दिसेना. मी उतरले, सायकल चिखलात घेतली आणि त्या सगळ्या बसल्या बसल्या निघून गेल्या.