शेजारी नापास म्हणून आपण पास?



अमेरिकेतील फ्रीडम हाऊस ही संस्था दरवर्षी देशोदेशींच्या स्वातंत्र्याला 100 पैकी गुण देते. त्यांतले 40 राजकीय हक्कांचे, 60 नागरी स्वातंत्र्याचे. 2021 च्या अहवालात भारत ‘मुक्त’ गटातून ‘अंशतः मुक्त’ गटात उतरला. इच्छापोरला आमच्या ओट्यावर हा विषय निघाला की शेजारी म्हणतात, “सर, परक्यांनी तपासलेला पेपर कशाला मनावर घेता? सौदी अरेबियात तुम्हाला एक तरी चर्च बांधू देतात का?”

नाही देत, खरं आहे. पाकिस्तानात बिगरमुस्लिम माणूस राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही. आपल्याकडे 1967 साली डॉ. झाकिर हुसेन राष्ट्रपती झाले. हे मी वर्गात अभिमानाने शिकवलं आहे. पण आयुष्यभर पेपर तपासले म्हणून सांगतो, शेजारचा नापास झाला म्हणून आपले गुण वाढत नाहीत. आपली उत्तरपत्रिका आपल्याच पुस्तकाशी ताडायची. ते पुस्तक म्हणजे राज्यघटना.

घटनेचे कलम 25 प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. गुजरातच्या 2003 च्या कायद्यानुसार मात्र धर्मांतराचा विधी करणाऱ्याला आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. बळजबरी, लालूच, फसवणूक यांना शिक्षा हवीच, त्यात दुमत नाही. पण राजीखुशीने येणाऱ्या सज्ञान माणसानेही कचेरीच्या होकाराची वाट का पाहावी? एप्रिल 2024 च्या सरकारी परिपत्रकाने हिंदूंना बौद्ध धर्म स्वीकारतानाही हीच अट असल्याचे बजावले. 1895 साली मुंबईत रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा झाला, 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली. तेव्हा कलेक्टरची सही लागली नव्हती.

तरी सगळी दारं बंद नाहीत. 2021 च्या दुरुस्तीने आंतरधर्मीय विवाहही या कायद्याच्या कचाट्यात आले, तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुजरात उच्च न्यायालयाने बळजबरी वा फसवणूक नसलेल्या विवाहांपुरती काही कलमे स्थगित केली. सरकारविरुद्ध दाद मागता येते, हीच मोकळ्या समाजाची खूण.

आता तोच पेपर आपल्या घरातही तपासू या. मुलीने परधर्मीयाशी लग्न केलं म्हणून नाताळच्या जेवणाला तिला न बोलावणारी ख्रिस्ती घरं मी पाहिली आहेत. सरकारकडे मोकळीक मागायची आणि लेकीला ती द्यायची नाही, हे कसं चालेल?

– एक निवृत्त शिक्षक, इच्छापोर (सुरत)