तांबड्या डागाचे वय

गुरूवरचा तांबडा डाग हे साडेतीनशे वर्षे चाललेले चक्रीवादळ आहे, असे मागील अंकातील एका पत्रात म्हटले आहे. ही दोन्ही विधाने चुकीची वाटतात. चक्रीवादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो. या डागात तो भोवतालपेक्षा जास्त आहे. म्हणूनच दक्षिण गोलार्धात असूनही तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्याच्या उत्तरेचा वायुप्रवाह पश्चिमेकडे धावतो, दक्षिणेचा पूर्वेकडे, आणि या दोहोंच्या कचाट्यात तो गरगरत राहतो. खाली घर्षणाने त्याला मंदावणारी जमीनही नाही.

आता वयाचे. खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने १६६५ मध्ये पाहिलेला डाग १७१३ नंतर कुणाच्याच नोंदीत सापडत नाही. आजच्या डागाच्या सलग नोंदी १८३१ पासूनच्या. जुनी रेखाटने मोजून पाहणाऱ्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे दोन डाग वेगळेच असावेत, असा निष्कर्ष मांडला. मधला शतकाहून मोठा खंड गाळून वाचकांसमोर एकच अखंड आयुष्य मांडणे मला तरी अक्षम्य वाटते. शिवाय १८७९ मध्ये सुमारे ३९,००० किलोमीटर लांब असलेला हा डाग आता १४,००० च्या आसपास आला आहे. पत्रात या आकसण्याचा उल्लेखही नाही.

– एक वाचक