गिअरची गाडी आणि आपण

पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या मुलींचे फोटो दरवर्षी छापून येतात. गिरगावचे येतात, डोंबिवलीचे येतात. पाहून बरं वाटतं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांवर पुढे पुरुष आणि मागच्या सीटवर बाई, हे चित्र जसंच्या तसं असतं. वर्षातून एक दिवस मिळणारं कौतुक म्हणजे हक्क नव्हे. म्हणून मोटारसायकलसारखा ‘पुरुषी’ समजला जाणारा विषय या पानांवर मुद्दाम मांडते आहे.

“स्कूटर आहे की! गिअरची गाडी हवीच कशाला?” असं आपल्यातल्याच मैत्रिणी विचारतील. प्रश्न रास्त आहे. १९७२ साली पुण्यात लूना आली, पुढे कायनेटिक होंडा आणि स्कूटी आल्या. या गाड्यांनी आपल्याला बसच्या रांगेतून आणि “सोडायला येतोस का?” या विनवणीतून सोडवलं. पण त्याबरोबर एक वाटणीही झाली. बिनगिअरची ती बाईची, गिअरची ती पुरुषाची. दोन गाड्या परवडणाऱ्या घरात ही वाटणी खपून जाते. आमच्या नायगावात मात्र कितीतरी घरांत एकच दुचाकी असते, आणि ती मोटारसायकल असते. नवरा लोकलने रात्रपाळीला गेलेला, मूल तापाने फणफणलेलं, गाडी दाराशी उभी, आणि घरातली बाई जुचंद्रच्या रस्त्यावर रिक्षा शोधत फिरते आहे. गाडी घरची, हप्त्यात तिच्याही कमाईचे पैसे. मग ती तिच्या उपयोगाची का नाही?

कायद्याच्या कागदावरही हीच वाटणी दिसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १० मध्ये गिअरची आणि बिनगिअरची मोटारसायकल असे परवान्याचे दोन वेगळे वर्ग आहेत. बिनगिअरच्या परवान्यावर घरची मोटारसायकल चालवता येत नाही. गिअरचा परवाना असला की दोन्ही चालवता येतात. शिवाय १९८९ च्या नियमांतला नियम १२३ सांगतो, की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला संरक्षक जाळी हवी. तीच ही साडीगार्ड. ती हवीच, पण या यंत्रावर बाईचा विचार करून बसवलेली वस्तू तेवढीच, आणि तीही मागच्या सीटसाठी!

आता अनुभवाचं बोलते. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने रॉयल एनफील्डची हंटर ३५० घेतली. जुन्या धाटणीचा गोल दिवा, साधी टाकी, पण आतून नवं यंत्र. २०२२ साली आलेली ही गाडी शिकाऊंना सोपी म्हणून सांगितली जाते. म्हणून आम्ही चौघींनी रविवारी सकाळी, खाडीकडच्या मिठागरांजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, तिच्यावरच शिकायचं ठरवलं. त्याआधी एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये चौकशी केली होती. “लेडीजना आम्ही फक्त स्कूटर शिकवतो,” असं उत्तर मिळालं.

गाडीचं वजन सुमारे १८१ किलो. आकडा ऐकूनच आमच्यातली एक मागे सरली. पण गाडी उचलून धरायची नसते, तोलायची असते. सरळ उभी असेपर्यंत वजन चाकांवर असतं, आपल्या हातांवर नाही. सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटरवर आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच. दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत, चवडे टेकतात. थांबताना डावा पाय आधी टेकायचा, एवढी सवय लागली की भागतं. पहिला रविवार आम्ही इंजिन बंद ठेवून नुसती गाडी ढकलण्यात घालवला. दुसऱ्या रविवारी क्लच. तो हळूहळू सोडत गेलं की एका जागी गाडी ओढ घेते. ती जागा हाताला कळली की अर्धी भीती गेली. या इंजिनाला कमी वेगातही चांगला जोर आहे, त्यामुळे क्लच सुटताना चूक झाली तरी गाडी सहसा बंद पडत नाही. सुरू करायला बटण आहे. जुन्या बुलेटला जोरकस किक मारावी लागे, तेव्हा ‘बायकांचं काम नाही’ म्हणायला ती किक पुरायची. आता ती सबबही उरलेली नाही.

खरा जाच गाडीचा नव्हता, बघ्यांचा होता. “ताई, पडाल!”, “दादांना बोलवा!” असा सल्ला रस्त्यावरचा प्रत्येकजण देत होता. नवशिका मुलगा पडला तर तो शिकत असतो. बाई पडली तर बायकांना जमत नाही हे सिद्ध होतं. एकटीने शिकायचं असतं तर दुसऱ्याच रविवारी घरी बसले असते. चौघी होतो म्हणून टिकलो.

चौथ्या रविवारी मैत्रिणीला मागे बसवून, पुढेमागे लाल ‘एल’ लावून जुचंद्रहून बापाण्याच्या दिशेने गेले. अहमदाबाद महामार्गावरचे ट्रक दिसले तशी परत फिरले. त्या रस्त्यासाठी अजून सराव हवा.

पण या गाडीची जाहिरात करण्यासाठी मी लिहीत नाही. बाजारात आली तेव्हाच तिची किंमत दीड लाखाच्या घरात होती, आपल्यातल्या अनेकींना ती परवडणारी नाही. मुद्दा वेगळाच आहे. घरोघरी दिसणाऱ्या स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास आहे आणि सीटही हिच्याहून थोडी खालीच आहे. म्हणजे जिला ही १८१ किलोची गाडी तोलता येते, तिला दाराशी उभी असलेली नक्कीच तोलता येईल. अडचण गाडीच्या उंचीची नाही. शिकायला जागा, वेळ आणि माणूस मिळत नाही, ही अडचण आहे.

यावर उपाय सामूहिकच असू शकतो. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता चळवळीने सायकल शिकण्याची मोहीम घेतली आणि एक लाखाहून अधिक बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्या जेन्ट्स सायकलींवर बसल्या. आणि त्यांच्या लक्षात आलं, की पुढचा दांडा मूल बसवायला सोयीचा आहे! ‘पुरुषांची’ वस्तू हाती आली, तेव्हाच तिचे आपले उपयोग सापडले.

महिला मंडळांनी, बचतगटांनी एवढं करायला काय हरकत आहे? महिन्यातले दोन रविवार, शाळेचं एखादं मैदान, एक जुनी मोटारसायकल आणि परवाना असलेली एक शिकवणारी. हेल्मेट पहिल्या दिवसापासून. शिकाऊ परवाना काढतानाच अर्जात ‘गिअरसह’ लिहायचं, तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. आपल्या शिबिरांत आपण कायदा शिकवतो, हिशेब शिकवतो, त्यात हेही यावं. आणि घरी एक प्रश्न मोकळेपणाने विचारावा: गाडीची दुसरी चावी कुठे असते?