पडद्यावर मोडणारी अक्षरे

आपल्या संस्थेचे अक्षर इतरांहून वेगळे असावे, अशी इच्छा बँका, वृत्तपत्रे आणि विमा कंपन्यांनाही होऊ लागली आहे. त्यासाठी खास फॉण्ट घडवून घेतला जातो. फलकावर तो देखणा दिसतो, माहितीपत्रकात शोभतो. पण संगणकाच्या पडद्यावर आला की कोठे शिरोरेषा तुटते, कोठे एक काना जाड तर शेजारचा बारीक होतो. दोष बहुधा पडद्याला किंवा वाचणाऱ्याच्या चष्म्याला दिला जातो. तो सहसा तेथे नसतो.

फॉण्टमधील अक्षर म्हणजे चित्र नव्हे. ते रेषांचे आणि वळणांचे गणिती वर्णन असते. पडदा मात्र चौकोनी ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा बनलेला. इंचाला ९६ ठिपके धरणाऱ्या मांडणीत १२ पॉइंटच्या अक्षराच्या चौकटीला उंचीत अवघे १६ ठिपके मिळतात. ही चौकट १००० एककांची आणि उभ्या रेघेची जाडी ८० एकके असेल, तर रेघेच्या वाट्याला १.२८ ठिपके येतात. सव्वा रुपयाची नोट नसते, तसा सव्वा ठिपकाही नसतो. त्यामुळे रेघ एका जागी एका ठिपक्याची, तर दुसऱ्या जागी दोन ठिपक्यांची होते. किंवा कडा करड्या करून वेळ मारून नेली जाते. हिशेबात पैशांचे पूर्णांकन करण्याचा नियम ठरलेला असतो, तसाच तो फॉण्टमध्येही लिहून ठेवता येतो. त्याला हिंटिंग म्हणतात. हे काम किचकट आणि वेळखाऊ आहे, म्हणूनच काटकसरीत पहिली कुऱ्हाड त्यावर पडते. कागदावरचे सुलेखन स्कॅन करून सॉफ्टवेअरकडूनच रेषा काढून घेतल्या, तर नको तेवढे बिंदू शिरतात आणि अक्षराची कड थरथरू लागते.

देवनागरीत ही अडचण अधिक जाणवते. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेला भिडली पाहिजे. रुंदीच्या पूर्णांकनात एक ठिपका गळाला तरी शब्दाला भेग पडते. शिवाय रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या ओळीत रफार, वेलांटी आणि अनुस्वार यांना वर जागाच उरत नाही. अनुस्वार उडाला की खंडूचा खडू होतो, आणि खातेदाराच्या नावाची पडताळणी करणाऱ्या लिपिकाला ते हसण्यावारी नेता येत नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ नीट न जुळणे हा मात्र निराळा दोष आहे. तेथे ठिपक्यांचा संबंध नसतो. मराठीला लागणारी जोडणीच फॉण्टमध्ये केलेली नसते.

मॅथ्यू कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी आखलेला व्हर्डाना फॉण्ट १९९६ मध्ये आला. त्यात आधी लहान आकारांचे ठिपके बसवले गेले आणि मग त्यांभोवती रेषा काढल्या गेल्या. विंडोजमधील ‘मंगल’ र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरयोग्याच्या हातून घडला. तो फार सुंदर आहे असे कोणी म्हणणार नाही. पण पडद्यावरच्या मजकुरासाठीच तो होता आणि तेथे त्याने वर्षानुवर्षे मराठीचे काम निभावले.

नव्या मोबाइलच्या दाट ठिपक्यांत ही खोट झाकली जाते, आणि मोबाइलवर पाहूनच फॉण्टला मंजुरी देणारे तेथेच फसतात. खास फॉण्टचे देयक चुकते करण्यापूर्वी तो काउंटरवरच्या सर्वांत जुन्या संगणकावर, सर्वांत लहान आकारात, ग्राहकांच्या नावांसह आणि रकमांसह वाचून पाहावा. तेथे तो टिकला नाही, तर त्याला शीर्षकापुरते ठेवावे आणि नाव, तारीख व रक्कम यांसाठी पारखलेला साधा फॉण्ट वापरावा.