किशोरांना त्यांची कादंबरी हवी

पुस्तकात स्वतःच्या गावासारखे गाव भेटले, की तेरा-चौदा वर्षांच्या मुलास आपले जगणेही लिहिण्याजोगे वाटू लागते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) कोकणातील घर मराठी मुलांसमोर उभे केले, मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग. दोन्ही कृती श्रेष्ठ. मात्र दोन्हींतील घरे सवर्णांची आहेत. वेशीबाहेरचे बालपण दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) व प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) यांनी साहित्यात आणले. परंतु ते प्रौढाने मागे वळून प्रौढांना केलेले निवेदन होय.

आत्मकथनातील माणूस तरून गेला, हे वाचकास आधीच ठाऊक असते. कादंबरीतील मुलापुढे निर्णय अजून उभा असतो. आईबाप वीटभट्टीवर निघाले. त्यांच्याबरोबर जावे की वसतिगृहात राहावे? घरी लग्नाची बोलणी निघाली, तर मुलीने नकार कसा द्यावा? भातसाचे पाणी मुंबईला जाते, मग आपल्या पाड्यावर डोईवरचा हंडा का उतरत नाही? शेणव्याच्या परिसरातील मुले हे प्रश्न जगतात. स्वतः पारखून स्वीकारा, ही तथागतांची शिकवण अशा गोष्टीतून उपदेशाविना उमजते.

माजी विद्यार्थ्यांनो, वसतिगृहातील पहिली रात्र तुम्ही अनुभवली आहे. चुकणारा, भांडणारा, प्रश्न विचारणारा नायक तुम्हीच लिहू शकता. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली. तिच्यावर या मुलांचाही हक्क आहे.